पाच ओळींचा माणूस

कीर्तनात बुवांचं एक बरं असतं. शब्द अडला, दम लागला, की मागचे टाळकरी चाल उचलतात आणि बुवांना श्वास घ्यायला सवड मिळते. भुताखेताचा खेळ सांगणाऱ्या बाईच्या मागं कुणी टाळकरी नसतात. परंड्याच्या वाचनालयाची ग्रंथपाल राजेश्वरी हे एका रविवारी दुपारी शिकली, तेही चारचौघांदेखत.

खेळ असा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि गावात काय अघटित चाललंय त्याचा छडा लावायचा. जिथं जमेल की नाही अशी शंका, तिथं फासा टाकायचा. पुण्याला शिकणारा भाचा दिवाळीला आला तेव्हा तीन नियमपुस्तकं आणि रंगीत फाशांची एक पिशवी घेऊन आला. "मावशी, तुला येईल हे," म्हणाला आणि ठेवून गेला.

मावशीला आलंही. शांतलिंग बुवांची लेक ती. बुवा शिवकीर्तन करायचे तेव्हा ही मागं टाळ धरून उभी असायची. बारा वर्षं टाळ धरला. एकदा तरी पुढं व्हावं, आपण सांगावं, असं पोटातून वाटायचं. पण मंडपातली माणसं बघितली की जीभ टाळ्याला चिकटायची. बुवा लिंगैक्य झाले, गेले, त्याला आता सहा वर्षं झाली होती. आणि आता वाचनालयाच्या माडीवर, दर रविवारी दोन वाजता, तीन माणसं तिच्या तोंडाकडं बघत बसायची. ती सांगायची आणि तिघं ऐकायचे. जगाच्या दृष्टीनं खेळ असेल. तिच्या लेखी ती तिची जागा होती.

तीन माणसं म्हणजे हार्डवेअरचं दुकान चालवणारा सोमेश, दवाखान्यातली सिस्टर वैष्णवी आणि कुर्डुवाडीच्या गाडीवरचा कंडक्टर उमाशंकर. तिघंही तिला अक्का म्हणायचे.

त्या रविवारची गोष्ट होती निंबळवाडीची. असं गाव कुठं नाही, राजेश्वरीनंच वसवलेलं. गावाबाहेर एक बंद पडलेला तेलघाणा. भर दुपारी तो आपोआप फिरतो, आणि त्याचा आवाज ज्याच्या कानावर पडतो तो स्वतःचं नाव विसरतो. घाणेवाल्याच्या घरातलं खरं काय ते गावात एकट्या पार्वतम्मा नावाच्या म्हातारीला ठाऊक. सोमेश खेळातल्या खेळात तिच्या दारात उभा राहिला.

नियमपुस्तकांतलं सगळ्यात जाड पुस्तक राजेश्वरीनं निवडलं होतं. जितकं जाड तितकं पक्कं, असा तिचा हिशेब. त्यात कुणाला काही विचारायचं म्हटलं तरी शंभरातला आकडा टाकायचा. पन्नासाच्या आत आला तर उत्तर मिळणार.

सोमेशला पडले सत्त्याऐंशी. वैष्णवीला ब्याण्णव. उमाशंकरनं फासे कपाळाला लावून टाकले, त्याला शहात्तर.

"म्हंजे काय आता?" त्यानं विचारलं.

"म्हणजे पार्वतम्मा काही सांगत नाही."

"तिघांनाबी?"

"तिघांनाही."

"अक्का, म्हातारी बाई. दारात तीन माणसं. आन् ती गप? पाणी तरी इचारंल का न्हाय? हे कुठलं गाव म्हणायचं? आमच्या गाडीत एक म्हातारी चढू द्या, पुढचा थांबा यायच्या आत तिच्या सुनंचं सगळं बाळंतपण कळतंय मला. ते बी न इचारता!"

वैष्णवी खुदकन हसली. राजेश्वरीनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. म्हातारी गप म्हणजे गोष्ट गप. दीड तास झाला, तिघं निंबळवाडीच्या गल्लीतच फिरत राहिले. शेवटी सोमेश म्हणाला, "मग घाण्याचं कुलूप तोडू." कुलपाचाही फासा उलटा पडला. "माझं अख्खं दुकान कुलपाचं हाय," तो ओरडला, "आन् मला एक कुलूप तुटंना?" त्यावरून जो गलका झाला तो खालच्या वाचकांपर्यंत गेला, आणि जिन्यात काठीचा आवाज आला.

गुरुसिद्धप्पा वर आले. निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष. कपाळावर भस्माचे तीन सरळ पट्टे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. शांतलिंग बुवांच्या कीर्तनात वीस वर्षं पेटी त्यांचीच होती. बुवा गेले आणि आप्पांनी पेटीला कापड बांधलं, ते पुन्हा सोडलं नव्हतं.

त्यांनी टेबलावरचा एक फासा उचलला आणि वांग्यात निघालेल्या अळीकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं.

"फासे?"

"आप्पा, खेळ आहे नुसता..."

"धर्मराजानंबी खेळच म्हटला होता."

उमाशंकरनं मान खाली घातली. पाचवीला आप्पांचा मार खाल्लेला तो. पाठीला अजून आठवण होती.

"स्पोकन इंग्लिशचा क्लास ही खोली मागतोय," आप्पा म्हणाले. "पुढच्या रविवारी मी येऊन बसतो. दोनपासून दिवेलागणीपर्यंत. ह्यात काय अर्थ दिसला तर खोली तुमची. न्हाय दिसला, तर राजेश्वरी, किल्ली माझ्या हातात." जिन्याशी गेल्यावर ते वळले. "शांतलिंग बुवांची लेक तू. जास्त बोलत न्हाय."

न बोललेलंच जास्त लागतं. राजेश्वरी त्या संध्याकाळी जेवली नाही.

आठवडा हातात होता आणि दोन पुस्तकं उरली होती. मंगळवारी दुपारी सोमेशच्या दुकानात, पाइपांच्या भारांवर बसून, चौघांनी दुसरं पुस्तक काढलं. त्यात फासाच नव्हता. ज्याला जे सुचेल ते त्यानं सांगायचं आणि ते झालं असं धरायचं. उमाशंकरला काय, मोकळं रानच मिळालं. त्यानं घाण्यातलं भूत कुर्डुवाडीच्या गाडीत बसवलं, त्याला अर्ध्या तिकिटासाठी वयाचा दाखला मागितला आणि भूत हुज्जत घालायला लागलं तसं मधल्याच थांब्यावर उतरवून दिलं. हसून हसून वैष्णवीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"भीती वाटली का कुणाला?" राजेश्वरीनं विचारलं.

"वाटली की," सोमेश म्हणाला, "त्या भुताची कीव वाटली."

दुसरं पुस्तक मिटलं.

तिसरं अगदी पातळ, शाळेच्या वहीएवढं. त्यात एकच गोष्ट ठासून सांगितली होती: जो धागा शोधतो त्याला तो मिळालाच पाहिजे, त्यासाठी फासा नको. राजेश्वरीला ते पटलं. सोमेशला पटेना.

"अक्का, सगळं हातात आयतं आलं तर शोधायचं काय? पेपर आधीच फोडल्यासारखं झालं. आप्पा मास्तर माणूस, आधी हेच धरतील."

राजेश्वरीनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

गुरुवारी महादेवाच्या देवळात सप्ताहाची सांगता होती. सकाळी दहाला बाहेरगावच्या एका बुवांचं प्रसादाचं कीर्तन. राजेश्वरी डोकं शिणल्यासारखी जाऊन खांबाला टेकून बसली. शेजारी शांताक्का, वय ऐंशीच्या पुढं. शांताक्काच्या पलीकडं एक अनोळखी सून येऊन टेकली.

"कुणाची गं तू?" शांताक्कानं विचारलं.

"भूमच्या शेट्यांची."

"शेट्यांची म्हंजे कापडवाल्या शेट्यांची? तुझी आतेसासू येडशीला दिलेली?"

"व्हय, रामलिंगाच्या वाटंवर घर हाय त्यांचं."

"अगं, मग तू आमचीच!"

झालं. बुवांचं नमन संपायच्या आत त्या सुनेनं सासूचं दुखणं, दिराची वाटणी आणि आपल्या जिवाचं एक दुःख, असं सगळं शांताक्काच्या पदरात घातलं होतं. विचारावं लागलं नाही, आकडा टाकावा लागला नाही. फक्त एकमेकींची ओळख लागली.

राजेश्वरी टेकली होती ती सरळ झाली.

आणि तेवढ्यात बुवांनी अभंग घेतला. मंडपातल्या प्रत्येकाला तो पाठ. पहिल्या चरणालाच शेवटचा चरण सगळ्यांच्या ओठांवर. बुवांनी काही म्हणजे काही झाकून ठेवलं नव्हतं; आणि तरी तीनशे माणसं पुढं सरकून बसली, कारण ह्या ओळींतून आज बुवा काय उलगडणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला आपल्या वडिलांचं बोलणं आठवलं. एका नवख्या कीर्तनकाराला ते म्हणाले होते, "अरे, अभंग झाकून ठेवतोस का? तो आधी पुढं ठेव. माणसं अभंग शोधायला येत न्हायत, अर्थ शोधायला येतात."

सोमेशच्या प्रश्नाचं उत्तर सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसानं देऊन ठेवलं होतं. प्रसाद हातात घेऊन, तो खायचंही विसरून, राजेश्वरी घरी गेली आणि नियम लिहायला बसली.

रविवारी दोनच्या ठोक्याला आप्पा आले. भिंतीकडच्या खुर्चीवर बसले, काठी गुडघ्यांत धरली. "मी नुसता बघणार," म्हणाले.

राजेश्वरीनं तिघांच्या पुढं एकेक कागद ठेवला. कागदावर पाच ओळी: नाव. गाव. कुणाचा, कुणाची. हातातलं काम. जिवाचं काय. तिघांनी आपल्या खेळातल्या माणसाच्या ओळी भरल्या.

"नियम असे," ती म्हणाली. "कुणाला काही विचारायचं तर आधी आपली ओळख द्यायची. ओळख लागली की धागा मिळणार. त्याला फासा नाही. धागा चिठ्ठीवर लिहून सगळ्यांच्या पुढं ठेवायचा, झाकायचा नाही. फासा फक्त धीर राहतो की सुटतो ते बघायला. सुटला, तर आपल्या पाच ओळींतली एक आपल्याच हातानं खोडायची."

"आन् पाचही गेल्या तर?" उमाशंकरनं विचारलं.

"मग तू कोण, ते तुला ठाऊक नाही."

उमाशंकरनं विनोद न करता आपल्या पाच ओळी पुन्हा एकदा वाचल्या. राजेश्वरीनं ते बघितलं. आज तिच्या बाजूनं काहीतरी पडत होतं.

सोमेश पार्वतम्माच्या दारात गेला. "मावशी, तुमच्या घाणेवाल्याबद्दल माहिती पाहिजे."

"कोण तुम्ही?" राजेश्वरीनं पार्वतम्माचा आवाज काढला.

"मी सोमनाथ. तपासाला आलोय."

"तपास तुमच्या घरी करा."

"अरे, असं विचारतात व्हय?" भिंतीकडून आवाज आला. आप्पा खुर्चीच्या कडेला आले होते. "आधी गाव सांग! मग मामाचं नाव सांग! पोलीस हाईस का तू?"

राजेश्वरीनं चौथा कागद आणि पेन्सिल आप्पांच्या पुढं सरकवली. आप्पांनी कागदाकडं बघितलं, मग तिच्याकडं. चष्मा पुसला. खुर्ची टेबलाशी ओढली आणि मास्तरांच्या गोल अक्षरात पाच ओळी भरल्या. नाव बसवण्णा. गाव उमरगा. काम शिकवणं. जिवाचं, पेटी. आणि 'कुणाचा' ह्या ओळीपाशी बापाचं नाव न घालता त्यांनी स्वतःच्या आईचं घातलं: इरम्माचा.

मग पार्वतम्मा बोलायला लागली. कशी नाही बोलणार? आप्पांनी तिचं माहेर काढलं, दोन वाक्यं कानडीत टाकली, तिच्या भावाला शाळेत शिकवल्याचं सांगितलं. पहिली चिठ्ठी टेबलावर आली: घाणेवाल्याच्या घरात तीनदा मुलगी जन्मली होती. वैष्णवीनं शाळेच्या शिपायाशी नातं लावलं, दुसरी चिठ्ठी आली: शाळेच्या पटावर घाणेवाल्याच्या दोनच मुली. उमाशंकरनं नाव विसरलेल्या एका गड्याला बोलतं केलं, तिसरी चिठ्ठी: आपलं नाव दुसऱ्या कुणी घेतलं, तर त्याला ते परत आठवतं.

तिन्ही चिठ्ठ्या उन्हात पडल्या होत्या. झाकलेलं काही नव्हतं. आणि तरी चौघं त्यांच्यावर वाकून अर्थ लावत होते.

घाण्याचं दार ढकललं तेव्हा चार वाजून गेले होते. राजेश्वरीनं आवाज खाली आणला. वडील आणायचे तसा. ऐकणाऱ्यानं पुढं सरकावं इतका. "आत अंधार नाही," ती म्हणाली, "पत्र्याच्या भोकांतून ऊन येतंय. बैल नाही, माणूस नाही, आणि घाण्यातला लाकडी दांडा, लाट, फिरतीय." तिनं घशातून घाण्याचा आवाज काढला. "फिरता फिरता कुणीतरी विचारतं, माझं नाव काय?"

फासे पडले. सोमेशची एक ओळ गेली. वैष्णवीच्या दोन गेल्या. आप्पांचं गाव गेलं, मग शिकवणं गेलं. तिसऱ्यांदा पेन्सिल 'पेटी' वर आली आणि थांबली. कुणी घाई केली नाही. आप्पांनी शेवटी खोडलं, हलक्या हातानं.

"माझं नाव काय?" राजेश्वरीनं पुन्हा विचारलं.

चौथा फासा पडला आणि आप्पांचं नावही गेलं. कागदावर एकच ओळ उरली.

पण आप्पांचं लक्ष आता कागदावर नव्हतं, चिठ्ठ्यांवर होतं. ते एकेक चिठ्ठी बोटानं दाबत गेले, मास्तर वर्गात गणित सोडवतात तसे.

"मुली तीन. शाळेत दोन. मग तिसरी?" त्यांनी मान वर केली. "तिसरी बाराव्या दिवसाच्या आतच गेली. बारसं झालं न्हाय पोरीचं. हिला नाव न्हाय, म्हणून ही दुसऱ्याची घेती."

वैष्णवीच्या अंगावर काटा आला. तिनं दंड चोळले.

"मग देऊ की नाव!" सोमेश म्हणाला. "पिंकी!"

"लाट दुप्पट वेगानं फिरायला लागली," राजेश्वरी म्हणाली.

"नाव असं वाटंवर सापडलेलं देतात व्हय?" आप्पा कडाडले. "आजीपणजीचं नाव नातीला जातं. वारसानं जातं."

"आप्पा, तुमचं तर नावच गेलंय," उमाशंकर हळूच म्हणाला.

"माझं गेलं. हे हाय की." त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. "इरम्मा. माझ्या आईचं. हिला द्या. आजपासून ही माझी नात."

राजेश्वरीनं बघितलं. पुस्तकात ह्याला नियम नव्हता, तिच्या कागदातही नव्हता. "आप्पा, ती ओळ दिली तर तुमच्याजवळ काही राहत नाही."

"न राहू दे," आप्पा म्हणाले, आणि फासा न टाकता, कुणी न सांगता, त्यांनी स्वतःच ती ओळ खोडली.

मग काय विचारता! उमाशंकरनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी केली आणि वैष्णवीच्या हातात दिली. "तू आत्या." वैष्णवी त्या टॉवेलावर वाकली, कानापाशी तोंड नेलं आणि "इरम्मा" म्हणाली. "कुर्रर्र!" सगळे ओरडले, आणि बारशाच्या रिवाजाप्रमाणं सोमेशनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती टेबलावर पडता पडता राहिली. खालून कुणीतरी वाचक ओरडला, "काय चाललंय वर?"

"बारसं!" आप्पांनी खाली आवाज दिला.

राजेश्वरी थांबली. सगळं शांत होऊ दिलं. मग म्हणाली, "घाणा थांबला."

वैष्णवीनं डोळे पुसले. उमाशंकर खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आप्पा तेवढे आपल्या सगळ्या ओळी खोडलेल्या कागदाकडं बघत बसले होते.

"म्हंजे आता मी कोण?" त्यांनी विचारलं. विचारताना हसत होते, पण अगदीच हसत नव्हते.

वैष्णवीनं तिसरी चिठ्ठी उचलून मधोमध ठेवली. आपलं नाव दुसऱ्या कुणी घेतलं तर ते आठवतं. तिनं पेन्सिल घेतली आणि आप्पांच्या कागदावर लिहिलं, नाव बसवण्णा. सोमेशनं गाव लिहिलं. उमाशंकरनं कामाच्या ओळीवर लिहिलं, 'आमचे सर', आणि पाठ चोळत म्हणाला, "ह्याचा पुरावा हाय माझ्याजवळ." 'कुणाचा' ह्या ओळीवर वैष्णवीनं लिहिलं, इरम्माचा आजा. शेवटची ओळ राजेश्वरीनं भरली. पेटी.

आप्पा उठले. गुडघे वाजले. टेबलाला वळसा घालून ते राजेश्वरीच्या पुढं आले आणि काय होतंय हे कुणाला कळायच्या आत सत्तरी ओलांडलेला तो माणूस वाकला आणि तिच्या पायांना हात लावला.

राजेश्वरी मागं सरली ती पुस्तकांच्या कपाटावर आदळली. "आप्पा! पाप लागेल मला!"

"गप. तुझे वडील माझ्याहून चार वर्षांनी लहान होते. कीर्तन संपल्यावर वीस वर्षं मी त्यांच्या पाया पडलो. कधी वय विचारलं का? पाया सांगणाऱ्याच्या पडायचं असतं."

रिवाज तिलाही ठाऊक होता. सांगणाऱ्यानंही उलट वाकायचं असतं. ती वाकली, आणि उठली तेव्हा तिला एक गंमत कळली. दुपारी दोनपासून आत्तापर्यंत ती सांगत होती, आणि जीभ एकदाही टाळ्याला चिकटली नव्हती.

खाली दिवे लागले. महादेवाच्या देवळातली घंटा वाजली. आप्पांनी काठी घेतली, खिशातली आपल्याकडची माडीची दुसरी किल्ली काढली आणि तीही राजेश्वरीच्या पुढं ठेवली.

"क्लासवाल्याला खालची पडवी देऊ. इंग्लिश कुठंबी बोलता येतं." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "आन् ऐक. पुढच्या रविवारी मी पेटी आणतो. तो घाण्याचा आवाज तू तोंडानं काढत होतीस न्हवं, तो काय बरा न्हवता."